नवव्या गाण्याची चाल

कडब्याची ट्रॉली समोरून गेली की माझ्या डाव्या हाताची बोटं शिवशिवायला लागतात. परवा नगरहून कर्जतला जाताना तसंच झालं. एसटीच्या पुढे ट्रॅक्टर, त्याच्यामागे रस्त्यापेक्षा रुंद कडबा, आणि हॉर्न वाजवून दमलेला ड्रायव्हर. बसमधली माणसं वैतागली होती. माझी बोटं मात्र मांडीवरच्या पिशवीवर आपोआप दाबली जायला लागली, पहिलं इथं, तिसरं तिथं, करंगळी लांब. शेजारच्या बाईंनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "मुंग्या येत्यात का गं हाताला? डाक्टरला दाखीव." मी दाखवते म्हटलं. ज्वारीची सुगी आली की मला युकुलेले आठवतं, हे चालत्या गाडीत कुणाला कसं समजावणार?

तीन वर्षांपूर्वीच्या सुगीत या दोन गोष्टी माझ्या आयुष्यात एकत्र आल्या. मी तेव्हा कर्जतमधल्या एका शाळेत शिकवत होते. गॅदरिंगसाठी कुणीतरी हौसेनं आणलेलं ते वाद्य स्टाफरूमच्या कपाटावर पडून होतं. चार नायलॉनच्या तारा, हातभर लांबी, पपईएवढं पोट. नेऊ का घरी, असं विचारल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "ने, तेवढीच कपाटावर जागा होईल." घरी आत्यानं त्याच्याकडे बघितलं, नाव विचारलं, ऐकलं आणि म्हणाली, "उकळलेलं?" त्या दिवसापासून आमच्या वस्तीत त्याचं नाव उकळलेलं. "उकळलेलं वाजवती ती पोरगी" अशी माझी ओळख अजूनही काही घरांत आहे.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, छापखान्यात प्रुफं तपासायचे, अजूनही तपासतात. सभेची, मोर्चाची, निषेधाची, जयंतीची पत्रकं आमच्या घरात पोत्यानं असायची. त्यांची मागची बाजू कोरी. ती कोरी बाजू वर घेऊन आई दाभणानं वह्या शिवायची, आणि त्या वह्यांत मी पाढे लिहिले. पान उलटलं की मागे ‘अन्यायाविरुद्ध एक व्हा’. बे चोक आठ आणि अन्याय हे मला एकदमच शिकायला मिळालं. जेवताना अप्पा वरणातली मोहरी बाजूला काढावी तशा ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायचे. दुकानाच्या पाटीवरचा चुकलेला शब्द दिसला तर सायकल थांबवून आत जाऊन सांगायचे. आमच्याकडे शब्दाला मान होता. चालीला नव्हता. "चाल म्हणजे शब्दांची बैलगाडी," अप्पा म्हणायचे. "माल महत्त्वाचा. गाडी कुठलीही जुंपा."

आणि माझा आवाज घोषणांचा. सहावीपासून मोर्चात पुढे राहून ओरडल्यानं तो असा घडला की एकच सूर लागायचा, तोही सगळ्यांच्या वरचा. विहारात वंदना सुरू झाली की आत्या मला हळूच चिमटा काढायची, "तू नुसते व्हट हलीव." म्हणून मला गाणारं वाद्य हवं होतं. नुसतं साथ देणारं नको, कारण साथ कुणाची करणार, माझ्या घशाची? मोबाईलवर एक माणूस बघितला. तो एकटाच त्या एवढ्याशा युकुलेलेवर गाण्याची चालही वाजवत होता आणि तिच्याखालचे सूरही. गाणारी एक बाई आणि तिच्यामागे सूर धरणाऱ्या तिघी, सगळ्या एका पंज्यातून. मी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की आई म्हणाली, "त्या माणसाला आता जेवायलाच बोलव."

शिकणं मजेचं होतं, आणि बोटांना फोड आणणारं होतं. आधी कॉर्ड शिकले. कॉर्ड म्हणजे तीन-चार सुरांचं एक कणीस, सगळे दाणे एकदम हाताला लागतात. ती छेडता येऊ लागली तेव्हा मी शाहीर झाल्यासारखी मिरवले. पण त्या कणसातला नेमका एक दाणा ऐकणाऱ्याच्या कानात जायला हवा, बाकीच्यांनी मागे राहायला हवं, हे जमता जमेना. चाल वाजवावी तर कॉर्ड सुटते, कॉर्ड धरावी तर चाल बुडते. त्यात वरची तार. तारा वरून खाली बारीक होत जातील असं मला वाटलं होतं, तर सगळ्यात वरची तार जाडा सूर देण्याऐवजी उंच किणकिणते. मला वाटलं कुणीतरी तार चुकीची लावली. तुणतुणं ऐकत वाढलेल्या माणसानं जे केलं असतं तेच मी केलं. तुणतुण्याच्या तारेसारखी ती सतत छेडत राहिले. पंधरा दिवस माझं प्रत्येक गाणं त्या एका तारेखाली सापडलेलं. आत्या म्हणाली, "माशी शिरलीय का गं तिच्या पोटात?"

मग एक-एक गोष्ट कळत गेली. प्रत्येक सुराखाली कॉर्ड लागत नाही, गाण्याचा पाय जिथं जमिनीवर पडतो तिथंच पुरते. चालीचा सूर संपेपर्यंत ते बोट उचलायचं नाही, बाकीच्या बोटांनी तोवर घर बदललं तरी. अंगठा तारांवरून ओढायचा तो सुपातून दाणे घरंगळल्यासारखा, आणि शेवटी जो दाणा पडेल तो चालीचा. हे पहिल्यांदा जमलं ती संध्याकाळ मला आठवते. बाहेर कुणाच्यातरी मळणी यंत्राची धूळ उडत होती, अंगाला ज्वारीची कूस खाजत होती, आणि माझ्या हातातून दोन आवाज येत होते. मी थांबले. परत वाजवलं. परत दोन. मला हसू आवरेना. आई चुलीपुढून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "आम्ही दोघी झालो."

त्याच दिवसांत अप्पा तात्यांची पुस्तिका तिसऱ्यांदा छापायची तयारी करत होते. तात्या म्हणजे माझे आजोबा, भिवातात्या, जलसेवाले. मी जन्मायच्या आधीच गेले. गावोगाव जलसे करायचे, स्वतः गाणी लिहायचे. त्यांची अकरा गाणी एका सोळा पानी पुस्तिकेत आहेत. अशा पुस्तिकांची एक रीत असते. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, ‘चाल : अमुक अमुक’. लोकांना येणाऱ्या एखाद्या गाण्याचं नाव. वाचणाऱ्यानं ती चाल आठवायची आणि त्यात नवे शब्द घालायचे. दहा गाण्यांच्या चाली वस्तीत कुणा ना कुणाला येत होत्या. नवव्याची कुणालाच येत नव्हती. त्याच्या डोक्यावर होतं, ‘चाल : कासाबाईच्या भलरीची’.

भलरी म्हणजे सुगीत कापणी-काढणीला म्हणायचं गाणं, हे सगळ्यांना माहीत. पण कासाबाईची कुठली, ते लिहिताना तात्यांना सांगायची गरज वाटली नसणार. तेव्हा ती शिवारभर ऐकू येत असेल. अप्पांनी नवव्या गाण्याला आठ-दहा चाली लावून पाहिल्या. प्रत्येक ओळ तोकडी पडायची, लहान भावाचा सदरा घातल्यासारखी. शेवटी त्यांनी ठरवलं, नववं गाणं गाळायचं.

"गाळायचं?" मी म्हटलं. "सगळ्यात धारदार गाणं तेच आहे."

"गाता येत नाही ते गाणं नाही. तात्यांनी गाण्यांची पुस्तिका काढली, कवितांची नाही." अप्पांचं तत्त्व एकदा बोललं की ते छापल्यासारखंच. "फाल्गुन पौर्णिमेनंतर पानं प्रेसला जातील. तोवर चाल मिळाली तर बघू."

गाण्याचे शब्द मला लहानपणापासून पाठ होते. ‘राबले हात, भरलं खळं, माप कुणाचं. कापली पात, बांधला भारा, नाव कुणाचं.’ ज्या बायका दुसऱ्याच्या रानात सुगी करायच्या त्यांच्या तोंडचं गाणं. माझी आजी सगुणा त्यातलीच एक. आणि ते जाणार होतं, केवळ एक बैलगाडी सापडत नाही म्हणून. मी अप्पांना त्यांचंच वाक्य ऐकवलं, की माल महत्त्वाचा. ते म्हणाले, "गाडीच नसली की माल खळ्यावरच राहतो." एवढं बोलून प्रुफात डोकं घातलं.

कासाबाई कोण, हे आत्याला माहीत होतं. ओढ्यापलीकडच्या बागायतदारांच्या घरातली मोठी बाई. आजी त्यांच्याच रानात जायची. कासाबाई कधीच गेली, पण तिची धाकटी मुलगी पारूआक्का माहेरीच असते आणि सुगीत अजूनही रानात येऊन बसते. आत्यानं हे सांगितलं आणि माझं तोंड बघून म्हणाली, "जायाचं न्हाई ना तुला?"

नव्हतंच जायचं. त्या घराच्या दारात आजीला भाकरी वरून टाकली जायची, हे मी पत्रकातल्या अक्षरांइतकं स्पष्ट ऐकून होते. त्यांच्याकडे जाऊन, आमचं गाणं तुमच्याकडे आहे, द्या, असं म्हणायचं? दोन दिवस मी युकुलेलेवर रागाचे सूर काढले. राग त्या वाद्याला शोभत नाही, ते काही केल्या हसरंच वाजतं. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते पाठीला अडकवलं आणि ओढा ओलांडला.

रानात कणसं मोडायचं काम चाललं होतं. ज्वारीचे धांडे आडवे पडलेले, बायका ओळीनं बसून कणसं मोडून मागं टाकत होत्या, मोबाईलवर कुणाचंतरी गाणं लागलेलं. लिंबाखाली पोत्यावर एक म्हातारी बसली होती. ताठ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"कुणाची गं तू?"

"सगुणाबाईची नात."

"भिवा जलसेवाल्याची?" तिनं मला नखशिखांत बघितलं. "मग हुबी का? बस की. पानी पी."

तिनं स्वतःची प्लॅस्टिकची बाटली पुढं केली. मी बाटलीला तोंड लावून प्यायले. मुद्दाम. ती बघत होती.

"समदं पिऊ नगं," ती म्हणाली, "मला बी ठिव."

मी बाटली परत दिली आणि तिनं तशीच तोंडाला लावली. मला राग आला, कारण इतक्या तयारीनं आणलेलं भांडण तिनं घोटभर पाण्यात बुडवलं होतं. म्हणून मी सरळ विचारलं, कासाबाईंची भलरी येते का.

पारूआक्का हसायलाच लागली. "तुज्या आज्यानं आमच्या आईची चाल पळिवली, आन् तिच्यात आमालाच शिव्या घातल्या. आमच्या दादानं ते गानं बाजारात ऐकलं, दोन दिस कुनाशी बोलला न्हाई."

"आणि तुमची आई?"

"आई म्हनली, सुरात म्हनतोय ना? मग म्हनू द्या."

"राबायचं आमच्या आजीनं," मी म्हटलं, "आणि गाण्याला नाव तुमच्या आईचं?"

"नाव माज्या आईनं छापलं व्हय? तुज्या आज्यानं छापलं. त्याला जाऊन इचार."

कणसं मोडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते, त्यांना असं भांडण रोज फुकट बघायला मिळत नसावं. पारूआक्कानं मोबाईलवालीला हात केला, "बंद कर ते." मग डोळे मिटून ती म्हणायला लागली. आवाज चिरका, पण सूर जागच्या जागी. एक ओळ, मग थांबायची, चार वेळा मान हलवायची, मग दुसरी ओळ. मला वाटलं श्वास पुरत नाही, वय झालंय. मी सगळं मोबाईलवर टिपून घेतलं. निघताना तिनं पाठीवरच्या वाद्याला बोट लावलं. "गिटारीचं पिल्लू व्हय हे? वाजवून दाखिव आल्यावर."

घरी येऊन मी बसले. आणि इथं मी माझ्या रक्तात असलेली चूक केली. प्रुफं तपासणाऱ्याची मुलगी, फापट काही ठेवायचं नाही. त्या टिपलेल्या गाण्यातले पारूआक्काचे थांबे मी मोबाईलवर दुसरी प्रत करून कापून टाकले. नुसत्या चिमण्या आणि लांबचं मळणी यंत्र, ते कशाला ठेवायचं? ओळीला ओळ जोडली. मग चार दिवस ती चाल युकुलेलेवर बसवली. खालच्या दोन तारांवर चाल, वरच्या दोन तारांवर आधार. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर चार रेघा ओढून त्यांवर पडद्यांचे, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांचे, आकडे लिहिले. सुंदर वाजत होती. नवव्या गाण्याचे शब्द त्यात घातले तर तोकडे पडायचे थांबले, पण आता दम लागायचा. एका ओळीच्या शेपटीवर दुसरीचा पाय.

आत्या दारात गहू निवडत बसली होती. म्हणाली, "पळतीयास कुठं? कुत्रं लागलंय का मागं?"

मी म्हटलं, चालच तशी आहे, ऐक, आणि पारूआक्काचं मूळ रेकॉर्डिंग लावलं, न कापलेलं. पारूआक्कानं पहिली ओळ म्हटली. शेवटचा सूर लांबवला. तो अजून संपला नव्हता तोच आत्यानं, सुपातली नजर न उचलता, पाच सुरांचं एक शेपूट गुणगुणलं. मोबाईलमध्ये चिमण्या, आणि त्या चिमण्यांच्या जागेवर माझी आत्या. मग पारूआक्काची दुसरी ओळ. मग पुन्हा आत्या.

मी मोबाईल बंद केला. "आत्या, हे काय म्हणतेस?"

"काय म्हनते?" तिला कळलंच नव्हतं. "आईचं हाय ते. पाखडताना म्हनायची. पुढं-मागं काय न्हाई त्याला, येवढंच."

तेवढंच, कारण ते अर्धं होतं. आत्या बोलत गेली तसं ते उलगडलं. सुगीत दोन रांगा असायच्या. एका बाजूला घरच्या आणि भावकीच्या बायका, त्यांची पात, म्हणजे कापत न्यायची पट्टी, कासाबाई धरायची. दुसऱ्या बाजूला आमच्या वस्तीतल्या, त्यांच्यापुढं सगुणा. कासाबाई ओळ टाकायची आणि सगुणाची रांग झील द्यायची, म्हणजे ओळीचं शेपूट उचलून परत म्हणायची, पहिला सूर हवेत असतानाच. पारूआक्का मान हलवत थांबत होती ती दमून नव्हे. माझ्या आजीच्या रांगेसाठी थांबत होती. इतक्या वर्षांनी, एकटी बसलेली असताना, जागा सोडून.

मला हे गोड करून सांगायचं नाही. त्या दोन रांगांचं पाणी वेगळं होतं, भाकरी वेगळी होती, संध्याकाळी मापं वेगळी पडत होती. सूर एकमेकांत अडकत होते म्हणून माणसं शिवत होती असं नाही. गाणं त्या अन्यायावर पांघरूण घालायला आलं नव्हतं. पण तात्यांनी ते ओळखून त्याच चालीत विचारलं, माप कुणाचं, आणि तो प्रश्न त्याच रानात, त्याच रांगेत दुमदुमला असणार. यात जी मजा आहे ती माझ्यासारख्या भांडखोर मुलीला उशिरा कळली.

पाच सुरांच्या शेपटाला शब्द कुठले, हे शोधायला लागलंच नाही. पाच सूर, पाच अक्षरं. माप कुणाचं. मी शेवटचे शब्द दोनदा म्हणून पाहिले, आणि ओळ भरली. आत्या गहू सोडून उठली. "असंच. आई असंच म्हनायची, दोनदा."

आणि मग वाद्यातच उत्तर मिळालं, ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. ओळीचा शेवटचा सूर दुसऱ्या तारेवर, तिसऱ्या पडद्यात वाजतो. तोच सूर, अगदी तोच, ना उंच ना खाली, सगळ्यात वरच्या मोकळ्या तारेचाही आहे. जिला मी चुकीची लावलेली समजत होते ती ही तार. खालचा सूर बोटाखाली अजून गुंजतोय तोच वरची तार छेडायची. एक रांग संपायच्या आत दुसरी उठते, त्याच सुरावर, पलीकडच्या बांधावरून. मी ते वाजवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला आणि लगेच मला नाचावंसं वाटलं. आत्या नाचलीच, सुपासकट.

अप्पा संध्याकाळी आले. मी वाजवलं, आत्यानं म्हटलं. ते दारातच उभे राहिले, एक पाय चपलेत. गाणं संपल्यावर आत गेले आणि लोखंडी पेटी उघडली. अप्पा कुठलंही प्रूफ टाकून देत नाहीत. तळाशी तात्यांच्या पुस्तिकेची पहिली छपाई होती. त्याच प्रतीवर खुणा करून अप्पांनी, नवीन नोकरी लागली तेव्हा, दुसरी आवृत्ती छापली होती. नववं गाणं उघडलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन शब्द दोनदा छापलेले, आणि प्रत्येक दुसऱ्या जोडीवर लाल शाईची रेघ. समासात काढून टाकायची शेपटीवाली खूण, सुबक, एकाखाली एक.

"जुळाऱ्यानं अक्षरांचे खिळे दुबार लावले असं वाटलं," अप्पा म्हणाले. "मालकानं पाठ थोपटली होती माझी. म्हणाला, नजर चांगली आहे." मग खालच्या आवाजात, "बापाचं गाणं दुरुस्त केलं मी. आईची सगळी रांग खोडली."

त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "अप्पा, मीसुद्धा परवा तेच केलं. मोबाईलवर," आणि कापाकापी सांगितली. त्यांनी वर बघितलं. कोपऱ्यातून आत्या म्हणाली, "बाप तशी लेक. सगळं घरच कात्रीचं." अप्पा आधी खोकले आणि मग हसले. त्यांना असं हसताना मी क्वचितच बघितलंय, खांदे हलवत, डोळे पुसत.

दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन मी पुन्हा ओढा ओलांडला. पारूआक्कासमोर लिंबाखाली बसून सगळं वाजवलं, अगदी मन लावून, हळुवार, प्रत्येक सूर धुऊन पुसून ठेवल्यासारखा. झील आली तसे पारूआक्काचे डोळे उघडले. तिनं आत्याकडे बघितलं, मग वाद्याकडे. "सगुणा हाय की ह्यात," ती म्हणाली. मी पुढच्या कौतुकाची वाट बघत होते. "पर लई सावकाश. आसं वाजिवलंस तर एक पात संपाया दिवाळी उजाडंल." आत्या म्हणाली, "मी बी तेच म्हनते तिला." मग त्या दोघींनी टाळी धरली आणि मला पळवलं. माझा अंगठा सुजला. कणसं मोडणाऱ्या बायकांचे हात त्या ठेक्यात पडायला लागले, आणि तासाभरात वाफा मोकळा झाला, असं त्यांची मुकादम बाई म्हणत होती. त्यातला निम्मा मान मी अजून घेते.

नववं गाणं राहिलं. अप्पांनी शब्द होते तसे परत लावले. पण एका गोष्टीवरून आमचं वाजलं. मी म्हटलं, वर आता ‘कासाबाई आणि सगुणाबाई यांच्या भलरीची’ असं छापा. निम्मं गाणं आजीचं आहे. अप्पा नाही म्हणाले. "तात्यांनी लिहिलंय ते तसंच राहील. एकदा दुरुस्त करून बघितलं ना?" मी पुष्कळ भांडले. तात्यांना सगुणाबाई घरचीच वाटली, म्हणून तिचं नाव लिहायची गरज वाटली नाही, आणि नेमकं हेच आपण बाकीच्यांना विचारतो ना, नाव कुणाचं? अप्पांनी मान्य केलं, पण छापलं नाही. शेवटच्या पानावर त्यांनी एक शुद्धिपत्र तेवढं घातलं, की मागील आवृत्तीत नवव्या गाण्यातील शब्द गाळले गेले, तो दोष मुद्रितशोधकाचा, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. आजीचं नाव मी या लेखात लिहिते आहे. सगुणा. झील तिची.

पुस्तिका जयंतीच्या आधी निघाली आणि हातोहात गेली. चार-पाच दिवसांनी अप्पांना फोन आला. श्रीगोंद्याचे कुणी निवृत्त गुरुजी होते. अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा असतो, घरभर ऐकू आलं. पुस्तिका उत्तम आहे, कागद चांगला आहे, पण नवव्या गाण्यात प्रत्येक ओळीला दोन शब्द दुबार पडलेत. प्रुफं कोण वाचतं तुमच्याकडे?

शेवटचं पान कुणीच वाचत नाही.

"मीच वाचतो," अप्पा म्हणाले. इतक्या अभिमानानं त्यांना बोलताना मी ऐकलं नव्हतं. "चूक नाही ती गुरुजी. गाऊन बघा."

"गाऊन काय बघा? ही कासाबाई कोण? चाल कुणाला माहितीय?"

अप्पांनी फोन कानावरून काढला आणि टेबलावर ठेवला, पत्रकांच्या गठ्ठ्याला टेकवून, माझ्याकडे तोंड करून. मी युकुलेले घेतलं. पारूआक्कानं बजावलेल्या वेगात पहिली ओळ वाजवली, वरची तार छेडून झील दिली. गुरुजींनी फोन ठेवला असं वाटलं. मी दुसरी ओळ वाजवली आणि या वेळी वरच्या तारेवरून अंगठा उचलला, जागा मोकळी सोडली. फोनमधून घसा खाकरल्याचा आवाज आला, पान उलटल्याचा आला, आणि मग गुरुजींचे दोन शब्द, किंचित उशिरा.